गैरसोय कुणाच्या वाट्याला?

एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पातली चार माणसं एकत्र बसवा आणि विचारा, डॉक्युमेंटेशन कुठे ठेवायचं? अर्ध्या तासात आवाज चढलेले असतील. बाहेरून बघणाऱ्याला यात भांडण्यासारखं काय आहे ते कळत नाही. माहिती लिहायची आणि कुठेतरी ठेवायची, एवढंच तर काम! कोडच्या शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवा, विकीवर ठेवा, गूगल डॉकमध्ये ठेवा, नाहीतर टेलिग्रामच्या ग्रुपवर पिन करून टाका.

मला मात्र हे भांडण महत्त्वाचं वाटतं. यातल्या प्रत्येक जागेत कुणाची तरी सोय आहे आणि कुणाची तरी गैरसोय. सगळ्यांना सारखीच सोयीची असेल अशी जागा मला अजून सापडलेली नाही. म्हणजे जागा ठरवताना आपण खरं तर गैरसोयीची वाटणी करत असतो. आणि वाटणी आली की न्याय-अन्यायही आलाच.

जे कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो असं सॉफ्टवेअर. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नल आहे, तो असाच. पण लाखो ओळींचा कोड नुसता उघडा ठेवला म्हणून तो वापरता येतोच असं नाही. इन्स्टॉल कसं करायचं, हा पर्याय निवडला तर काय होतं, अमुक गोष्ट अशी विचित्र का केली आहे, हे कुणीतरी माणसांच्या भाषेत सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे डॉक्युमेंटेशन. ते नसेल तर घराला कुलूप नाही, पण वर जायला जिनाही नाही, अशी अवस्था होते.

आता जुनी गोष्ट. 1971च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती निघाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली होती. प्रत्येक कमांडला वेगळी नोंद आणि नोंदीत ठरलेले मथळे. त्यातले दोन मथळे मला फार आवडतात. एक 'बग्ज', म्हणजे या प्रोग्रामात काय खोड आहे ते. दुसरा 'ओनर', म्हणजे हा प्रोग्राम कुणाचा. 'ओनर' पुढे गळून पडला, 'बग्ज' आजही टिकून आहे. नंतर ही पानं मशीनवरच 'मॅन' ही कमांड देऊन वाचता येऊ लागली. आजही लिनक्सच्या टर्मिनलवर नेट बंद असताना ती उघडतात.

या पानात वाटणी कशी झाली आहे बघा. आपल्याच प्रोग्रामातली खोड आपल्याच हाताने लिहायची, हा अवघडलेपणा लिहिणाऱ्याने पत्करला. वाचणाऱ्याला खोड शोधत फिरावं लागलं नाही आणि जबाब कुणाला विचारायचा, तेही तिथेच कळलं.

माहिती कोडच्या शेजारी, त्याच रेपोमध्ये ठेवावी असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा याच जातीचा आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस घ्या. त्याचं मॅन्युअल कोडसोबत एकाच झाडात राहतं. वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल कुणी सुचवला, तर त्यासोबत मॅन्युअलमधला बदलही यावा अशी अपेक्षा असते. तपासणारी माणसं दोन्ही एकत्र वाचतात. शिवाय जुन्या आवृत्त्यांची मॅन्युअलंही वेबसाइटवर राहतात. तुमच्या कंपनीत किंवा कॉलेजात जुनाच डेटाबेस चालू असेल, तर तुम्हाला त्या जुन्याचीच खरी माहिती मिळते. खोटी माहिती ही बहुतेक वेळा कुणी खोटं बोलल्यामुळे तयार होत नाही. कोड पुढे जातो, माहिती मागे राहते आणि एके दिवशी कालचं खरं वाक्य आज खोटं ठरतं. दोन्ही एका जागी असतील तर ते निदान कुणाच्या तरी नजरेला येतं.

जागा वेगळ्या झाल्या की मधे एक हमाल लागतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये माहितीचं मोठं फोल्डर आहे, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागणारी सिस्टीम कॉलची मॅन पानं 'मॅन-पेजेस' या वेगळ्या प्रकल्पात राहतात. मायकेल केरिस्क यांनी 2004पासून दीडेक दशक तो प्रकल्प सांभाळला. कर्नलमध्ये नवीन काय आलं ते बघायचं, ते खरंच तसं वागतं का ते तपासायचं आणि मग पान लिहायचं. दोन घरांमधलं अंतर एक माणूस वर्षानुवर्षं चालत राहिला. असा माणूस प्रत्येक प्रकल्पाच्या नशिबी नसतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की निकाल लागला, माहिती रेपोमध्येच ठेवावी. पण रेपोला दार आहे आणि ते दार सगळ्यांच्या उंचीचं नाही.

विकीची कल्पना याच कारणासाठी आली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995मध्ये पहिला विकी सुरू केला. पान वाचता वाचता तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, कुणाची परवानगी मागायची नाही. रेपोमध्ये एक स्वल्पविराम बदलायचा तरी आधी गिट शिका, फोर्क करा, ब्रांच काढा, पुल रिक्वेस्ट पाठवा आणि मग कुणीतरी बघेपर्यंत वाट बघा. आर्च लिनक्सचा विकी आज इतका भरलेला आहे की जे लोक आर्च वापरत नाहीत, तेही अडलं की तिथेच जातात. कोड लिहिणाऱ्यांपेक्षा कोड वापरणाऱ्यांना जास्त अडचणी माहीत असतात, हे विकीवाल्यांना नीट कळलं होतं.

पण विकीचीही दुसरी बाजू आहे. जेंटू या लिनक्सचा एक अनधिकृत विकी होता. लोकांनी हौसेने भरलेला, बऱ्याच जणांच्या रोजच्या उपयोगाचा. 2008मध्ये त्याचा डेटा गेला. लोकांनी सापडतील तिथून जुन्या पानांच्या प्रती जमवायला सुरुवात केली, पण जे होतं तसं परत उभं राहिलं नाही. लिहिणारे हात अनेक होते, जपणारी जागा मात्र एकच होती. गिटमध्ये असं सहसा होत नाही, कारण ज्याने ज्याने रेपो उतरवून घेतला त्या प्रत्येकाकडे सगळा इतिहास असतो.

आता तिसरी जागा, आपल्या पिढीची आवडती: चॅट. डिस्कॉर्ड, स्लॅक, टेलिग्राम. इथे प्रश्न विचारला की पाच मिनिटांत उत्तर येतं, वर एक हसरा इमोजीही येतो. उत्तर देणाऱ्याला बरं वाटतं, विचारणाऱ्याचं काम होतं. मग तिसऱ्या महिन्यात तोच प्रश्न दुसरा कुणी विचारतो आणि त्याला सांगितलं जातं, "आधी सर्च कर ना, वर आहे."

वर आहे, पण कुणाला दिसतं? डिस्कॉर्डमधलं बोलणं गूगलवर शोधून सापडत नाही. आधी खातं काढा, सर्व्हरमध्ये शिरा, योग्य चॅनल शोधा. स्लॅकने 2022पासून फुकट वापरणाऱ्यांना फक्त शेवटच्या 90 दिवसांचे मेसेज दाखवायला सुरुवात केली. म्हणजे एखाद्या प्रकल्पाने आपलं शहाणपण तिथे साठवलं असेल, तर ते तीन महिन्यांनी पडद्याआड जातं. चॅट ही तोंडी परंपरा आहे आणि तोंडी परंपरेत शिरायला आधी ओळख लागते.

यातला मला सगळ्यात टोचणारा भाग लाजेचा आहे. एखाद्या तालुक्याच्या गावी शिकणारी मुलगी पहिल्यांदा एखादी लायब्ररी वापरते आहे. इंग्रजी जेमतेम. तिला तीनशे अनोळखी लोकांसमोर, आपल्या नावानिशी, 'बावळट' वाटेल असा प्रश्न विचारायला लावणं, ही आपण तिच्याकडून वसूल केलेली किंमत आहे. मुलीचं नाव दिसलं की खासगी मेसेज सुरू होतात, ती किंमत आणखी वेगळी. पानाचं तसं नसतं. पान नऊ वेळा वाचलं तरी कुणाला कळत नाही. पान हसत नाही, "एवढंही माहीत नाही?" म्हणत नाही. लिहून ठेवलेल्या माहितीत ही एक सभ्यता असते.

आणि ती मुलगी आपल्या बैठकीला नसते. डॉक्युमेंटेशनची जागा ठरवायला जे बसतात त्यांना गिट येतं, त्यांचं डिस्कॉर्डवर खातं असतं, बाकीचे चौघे त्यांना नावाने ओळखतात. चॅट सोयीचं आहे यावर त्यांचं पटकन एकमत होतं. ज्याची गैरसोय होणार आहे, तो अजून आलेलाच नाही. त्याच्या वतीने बोलणारं कुणीतरी बैठकीत असावं, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

आमच्या एका छोट्या प्रकल्पात हा प्रश्न फार जवळून बघायला मिळाला. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, असं ते टूल. त्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर जसं दिसतं तसं साठवलेलं असतं. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, मग 'क'. रफार उच्चारात आधी असला तरी साठवताना अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही बरोबर उलट. वर प्रत्येक फॉन्टच्या आपापल्या तऱ्हा. या तऱ्हा आम्हा कोड लिहिणाऱ्या पाच जणांना कुठून माहीत असणार? त्या माहीत आहेत जिल्ह्याच्या गावांत वीस-पंचवीस वर्षं लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि साप्ताहिकं लावणाऱ्या डीटीपीवाल्यांना.

आणि ते सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यातले एक काका फार बारकाईने चुका दाखवतात. त्यांना रेपोची लिंक पाठवली तर म्हणाले, "दादा, ते गिटबिट आपल्याला नाही जमायचं. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, चालेल का?" पुढच्या तासाभरात सात व्हॉइस मेसेज. त्यातल्या चौथ्यात एका फॉन्टमधल्या 'ऱ्य'चं असं कोडं उलगडलेलं होतं, जे आम्हाला कुठल्याही तक्त्यात सापडलं नव्हतं.

म्हणजे प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान ज्याच्याकडे, त्यालाच रेपोचं दार बंद. आणि त्याच्या सोयीची जागा धरावी, तर बाकी सगळ्या जगाला दार बंद, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये काय आहे ते ग्रुपबाहेर कुणालाच दिसत नाही.

आमच्यात बरीच ओढाताण झाली. एकाचं म्हणणं, ग्रुप हेच डॉक्युमेंटेशन. दुसऱ्याचं म्हणणं, काकांना गिट शिकवू. हे दुसरं ऐकायला चांगलं वाटतं, पण ज्याने आपल्याला फुकट ज्ञान दिलं त्यालाच वर गृहपाठ देण्यासारखं ते आहे. शेवटी ठरलं ते असं: माहिती रेपोमध्येच राहील आणि तिथून साध्या वेब पानांवर दिसेल. खातं नाही, लॉगिन नाही, स्वस्त फोनवरही उघडेल. ग्रुप चालू राहील, पण आत यायचं दार म्हणून. दर आठवड्याला आमच्यापैकी एकाची पाळी. ग्रुपमध्ये जे नवीन कळलं ते त्याने ऐकायचं, लिहायचं, पडताळायचं आणि रेपोमध्ये आणायचं. वाहून न्यायचं काम गिट येणाऱ्याचं.

त्यात एक बारीक प्रश्न निघाला. ऐंशी जणांच्या ग्रुपमध्ये बोललेलं वाक्य साऱ्या जगापुढे मांडायची परवानगी कुणी दिली? म्हणून विचारतो: हे पानावर घालू का, तुमचं नाव घालू का? बहुतेक जण हो म्हणतात. एकांनी सांगितलं, माहिती घाला, नाव नको, गिऱ्हाइकं विचारायला लागतील. ठीक. ज्ञान मोकळं व्हावं ही आपली इच्छा असते, माणूस उघडा पडावा ही नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ओपन सोर्समधली कित्येक माणसं नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट काम करतात. कोडही त्यांनीच लिहायचा, माहितीही त्यांनीच लिहायची आणि वर साऱ्या जगाची गैरसोय त्यांनीच डोक्यावर घ्यायची? हा कुठला न्याय?

मला वाटतं, इथे किती लिहायचं आणि कुठे लिहायचं हे वेगळं काढायला हवं. किती लिहायचं याचं बंधन फुकट काम करणाऱ्यावर कुणी घालू शकत नाही. दोनच पानं लिहिलीत, तर दोन पानांबद्दल आभार. पण एकच उत्तर तुम्ही दहा जणांना चॅटमध्ये देणार असाल, तर ते पानावर लिहून लिंक देण्यात कष्ट वाढत नाहीत, उलट कमी होतात. मग तरी आपण चॅटमध्ये का रमतो? कारण तिथे आपल्याला विचारलं जातं. ज्याला माहीत आहे त्याच्याभोवती घोळका होतो. पानावर उत्तर लिहिलं की घोळका पांगतो. ही छोटी सत्ता सोडणं, मेंटेनरच्या वाट्याला यावी अशी गैरसोय हीच. आपल्याला न विचारता लोकांचं काम होऊ लागलं, की ओपन या शब्दाला अर्थ येतो.

जागेबद्दल आणखी एक गोष्ट: ती कुणाच्या मालकीची आहे? गूगल कोड नावाची सेवा होती, हजारो प्रकल्प तिथे राहत. 2015मध्ये ती आटोपत असल्याचं जाहीर झालं आणि 2016च्या जानेवारीत बंद झाली. लिनक्सवर देवनागरी दिसावी म्हणून जे लोहित फॉन्ट कित्येकांनी वापरले, त्यांचं काम बरीच वर्षं फेडोरा होस्टेडवर चालायचं. 2017मध्ये ती सेवाही थांबली आणि बिऱ्हाड हलवावं लागलं. गिटहब 2018मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना घेतलं. त्यात गैर काही नाही, पण आपण भाडेकरू आहोत हे लक्षात राहावं. रेपो उतरवून घेतला की कोड आणि शेजारचं माहितीचं फोल्डर तुमच्यासोबत येतं. गिटहबच्या इश्यूंमध्ये झालेली चर्चा, म्हणजे अमुक गोष्ट अशी का केली याचं सगळं कारण, त्यासोबत येत नाही. म्हणून कारणंही फोल्डरमध्ये लिहावीत.

आणि मालकी म्हणजे लायसन्सही आलं. डेबियन प्रकल्पात 2006मध्ये यावर मतदान झालं. ग्नू प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशन लायसन्समध्ये काही भाग 'न बदलण्याजोगे' ठरवायची मुभा आहे. असे भाग असलेलं मॅन्युअल मोकळं म्हणता येणार नाही, असा कौल डेबियनने दिला. परिणाम गमतीचा झाला. ईमॅक्स हा एडिटर डेबियनच्या मुख्य भांडारात आणि त्याचं मॅन्युअल 'नॉन-फ्री' कप्प्यात. एकाच घरातली भावंडं, दोन वेगळ्या पत्त्यांवर. प्रोग्राम बदलायची मुभा आहे पण त्याच्याबद्दलची वाक्यं बदलायची नाही, तर बदललेल्या प्रोग्रामाबद्दल खरं कसं सांगणार, हा त्यामागचा विचार मला पटतो.

या सगळ्यातून मी माझ्यापुरते चार प्रश्न काढले आहेत. अनोळखी माणसाला कुणालाही न विचारता, साध्या फोनवर इथपर्यंत पोचता येईल का? कोड बदलला आणि पान खोटं ठरलं, तर ते कुणाच्या तरी नजरेला येईल का? ज्याला आपली हत्यारं वापरता येत नाहीत त्याला दुरुस्ती पोचवायची वाट आहे का? आणि उद्या ही जागा बंद झाली, तर सामान उचलून नेता येईल का?

चारही प्रश्नांना 'हो' म्हणणारी जागा आयती मिळत नाही. रेपो दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात पास होतो. त्यातून साधी वेब पानं काढली तर पहिल्यातही. तिसऱ्यात तो नापास होतो आणि ते अंतर माणसाने पायी चालावं लागतं. विकी तिसऱ्यात पहिला येतो, दुसऱ्यात बहुधा मागे पडतो. नुसतं चॅट चारपैकी एकातच पास होतं. मी रेपोच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: मधलं अंतर चालायला कोण तयार आहे, हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. ते न ठरवता 'पुल रिक्वेस्ट पाठवा' म्हणणं म्हणजे दुसरा मजला सगळ्यांसाठी खुला आहे असं सांगून जिना काढून घेणं.

आणि चालायला कुणीच तयार नसेल तर? होतं असं. पाळी चुकते, नोकरी बदलते, मूल होतं, उत्साह संपतो. अशा वेळी पानं कमी करावीत आणि जी उरतील त्यांच्या माथ्यावर लिहावं, की हे अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेलं आहे, पुढचं आम्ही बघितलेलं नाही. वाचणाऱ्याची थोडी निराशा होईल. पण रात्री दोन वाजता, दुसऱ्या दिवशीचं सबमिशन डोक्यावर असताना, खरं समजून जुनं वाक्य पाळत बसण्यापेक्षा ती निराशा बरी. निदान तिला कळेल की चूक आपली नाही आणि पुढे कोड वाचायला घ्यावा.